जुन्या पद्मिनीचे रबरी पाइप: कोणता कापायचा आणि कोणाला ब्लेड लावायचंच नाही

अकोट तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी सात वर्षं गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. यंदा बॅटरी टाकली, पेट्रोल टाकलं, गाडी चालूही झाली. पण पंधरा मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपेजवळ फाटला, आणि बोनेटखाली पेट्रोलचा वासही येतो आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, "सगळेच पाइप काढून फेकू, बाजारातून मीटरनं पाइप आणू आन् कापून लावून देऊ. एका दिवसात गाडी तयार." हे बरोबर आहे का, आणि घरीच करायचं तर पाइप कापायचा कसा, असं भाऊंनी विचारलं आहे.

मी मूर्तिजापूर-दर्यापूर रस्त्यावर बत्तीस वर्षं गॅरेज चालवतो. हंगामात ट्रॅक्टर, बाकीच्या दिवसांत जीपा, आणि हौसेखातर जुन्या फियाट (पद्मिनीला आपण फियाटच म्हणतो) आणि अँबेसेडर. तुमचा मिस्त्री अर्धा बरोबर आहे. सगळे पाइप बदला हे त्याचं खरं. चाळीस वर्षांचं रबर एका ठिकाणी फाटलं म्हणजे बाकीचं धडधाकट आहे असं होत नाही, ते फक्त रांगेत उभं आहे. पण "मीटरनं आणू" इथं तो चुकला. कारण बोनेट उघडल्यावर जेवढ्या काळ्या नळ्या दिसतात, त्या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या तरी रबर वेगवेगळं आहे.

पाण्याचा पाइप आजकाल ईपीडीएम रबराचा येतो. गरम पाणी, कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव), ऊन, सगळं तो झेलतो. पण पेट्रोल किंवा ऑइल लागलं की फुगतो आणि मऊ पडतो. पेट्रोलचा पाइप आतून नायट्राइल नावाच्या रबराचा, किंवा त्याहून चांगला हवा असेल तर फ्लोरो रबराचं अस्तर असलेला. तो पेट्रोलला दाद देत नाही, मात्र रेडिएटरच्या गरम पाण्यात लवकर कडक होतो. ब्रेकचा पाइप तिसराच. त्यातलं रबर ब्रेक ऑइलला चालते, आणि इंजिन ऑइलचा हात लागला तरी बिघडते. म्हणून ब्लेड हातात घेण्याआधी एकच गोष्ट पाहायची: या नळीतून काय वाहते? माझ्याकडे पोट्टे कामाला येतात त्यांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो, पाना धरायला दुसऱ्या दिवशी.

आता पाण्याच्या पाइपांपासून सुरू करू, कारण तुमचा तोच फाटला आहे.

वरचा पाइप क्लिपेजवळच का फाटला? बाहेरून पाहिलं असतं तर तो तुम्हाला ठीकच वाटला असता. रेडिएटरचा पाइप पुष्कळदा आतून मरतो. पाइपाच्या टोकापाशी रबर, धातू आणि कुलंट यांच्यात बॅटरीसारखी बारीक रासायनिक क्रिया चालते, आतल्या बाजूनं उभ्या भेगा पडत जातात आणि त्या कापडाच्या थरापर्यंत पोचल्या की एक दिवस सगळंच सुटते. ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन थंड असताना पाइप टोकापासून दोन इंचांवर अंगठा आणि बोटात धरून दाबा, मग मधोमध दाबा. टोकाशी मऊ, पोकळ वाटलं आणि मध्ये घट्ट लागलं तर तो गेला. उलट दाबताना आतून कुरकुर आवाज आला तर उन्हानं कडक होऊन गेला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असते, टिनाच्या शेडमध्ये किती असेल ते तुम्हीच सांगा. रबराचं असं आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होते. म्हणून पुण्याच्या माणसाचा पाइप जेवढा टिकला तेवढा आपला टिकत नाही, त्यात कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

काढताना घाई करू नका. गाडी पूर्ण थंड, रेडिएटरची टोपी उघडी, खालच्या कॉकमधून पाणी घमेल्यात काढलेलं. क्लिप पूर्ण सैल करून मागे सरकवा. मग पाइपावर कापड गुंडाळून पाइप पाना हलक्या हातानं धरा आणि पाइप ओढू नका, आधी गोल फिरवा. फिरला की निघाला. फिरत नसेल तर लोक मोठा पेचकस घुसवून उचकटतात. तुमच्या गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा आहे आणि त्याची मान, म्हणजे पाइप ज्यावर चढतो ते नळीसारखं तोंड, नुसती सोल्डरनं धरलेली असते. पेचकसानं जोर लावला की पाइप निघत नाही, मान निघते. मग गाडी राहिली बाजूला, रेडिएटर घेऊन अकोल्याला जावं लागते.

अडलेला पाइप वाचवायचाच नाही, कापायचा. मानेवर चढलेल्या भागावर लांबीत एक चीर द्या. पण एका झटक्यात धातूपर्यंत नाही. वरचं रबर कापा, मग कापडाचा थर दिसेल तो कापा, आणि आतलं शेवटचं पातळ रबर तसंच ठेवून दोन्ही कडा बोटांनी फाडून उघडा. संत्र्याची साल काढतो तसं निघते. ब्लेड धातूला लागलं तर मानेवर बारीक रेघ पडते, आणि पुढं कितीही नवा पाइप घाला, पाणी त्या रेघेतून वाट काढते. वॉटर बॉडीचं (पाण्याच्या पंपाचं) तोंड आणि थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की उघडणाऱ्या वॉल्वचं) झाकण यांना तर जास्तच जपा.

जुना पाइप फेकण्याआधी खडूनं किंवा पांढऱ्या पेंटनं त्याच्यावर खूण करा: रेडिएटरची बाजू कोणती, इंजिनची कोणती, वरची बाजू कोणती. तोच तुमचा नमुना आहे. दुकानात जाताना हातात तो न्या, "फियाटचा वरचा पाइप द्या" एवढंच सांगू नका. एकाच नावाखाली दोन-तीन वळणांचे पाइप मिळतात.

मीटरनं मिळणारा सरळ पाइप पाण्याला चालतो तो फक्त सरळ जागी. वळण असलेल्या जागी सरळ पाइप वाकवला की कोपऱ्यात चिमटी पडते, पाण्याची वाट निम्मी होते आणि गाडी गरम मारते. तिथं साच्यातून वळण घेऊनच आलेला पाइप लागतो. पद्मिनीचे असे पाइप अजून मिळतात, मुंबई-नागपूरकडून मागवता येतात. नाहीच मिळाला तर आमची जुनी युक्ती सांगतो. ट्रॅक्टर आणि जीपच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जा, भिंतीवर टांगलेल्या पाइपांत तुमचं वळण शोधा. आतला व्यास तोच आणि वळण तेच, पण लांबी जास्त असलेला पाइप जवळपास नेहमी सापडतो. तो दोन्ही टोकांनी कापून आपल्या मापाचा करायचा. मी अशा रीतीनं अँबेसेडरला ट्रॅक्टरचा पाइप बसवला आहे आणि तो अकरा वर्षं चालला.

व्यास मोजायचा तो व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीनं) आणि मानेच्या सरळ भागावर, टोकाच्या उंचवट्यावर नाही. पाइपाचा आतला व्यास मानेच्या बाहेरच्या व्यासाएवढा किंवा थोडा कमी हवा. "जरासा ढिला आहे, पण क्लिप आवळू" असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून दुसऱ्या दुकानात जा. ढिला पाइप आवळला की त्याला घडी पडते आणि पाणी त्या घडीतूनच पाझरते.

लांबी ठरवताना दोन गोष्टी धरायच्या. प्रत्येक टोकाला पाइप मानेवर २० ते २५ मिलिमीटर चढला पाहिजे. आणि इंजिन रबरी पायांवर बसलेलं असते, ते हलते. रेडिएटर मात्र बॉडीला धरलेला असतो. ताणून बसवलेला पाइप गाडी उभी असताना ठीक दिसतो आणि क्लच सोडताना प्रत्येक वेळी मान ओढतो. म्हणून बोटभर ढील ठेवा. आधी जास्तच लांब कापा, लावून पाहा, मग पुन्हा थोडा कापा. शिंप्यासारखं. कमी झालेला पाइप वाढवता येत नाही.

आता कापायचं. हॅकसॉ ब्लेड वापरू नका. करवतीनं रबराचा भुसा पडतो, कापडाचे दोरे लोंबतात, आणि तो भुसा पाण्याच्या पाइपात असेल तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातो, पेट्रोलच्या पाइपात असेल तर थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये. पत्रा कापायची कात्रीही नको, ती पाइप आधी चेपते आणि मग तिरका कापते. सगळ्यात चांगलं हत्यार तुमच्या शेतातच पडलेलं आहे: ठिबकच्या नळ्या कापायचा कटर. एका बाजूला धारदार पातं, दुसऱ्या बाजूला टेका. पातं नवं असेल तर लोण्यासारखा काप येतो. संत्र्याच्या छाटणीची कात्री मात्र नको, तिची दोन पाती एकमेकांशेजारून जातात आणि रबर मुरगळते. जाड पाइप असेल, कटरच्या तोंडात मावत नसेल, तर नवं ब्लेड असलेला कटर-चाकू घ्या. पाइपावर कापायच्या जागी होज क्लिप चढवून हलकी आवळा, तिची कड हीच तुमची पट्टी. साबणाच्या पाण्यात ब्लेड बुडवून क्लिपेच्या कडेनं पाइप फिरवत फिरवत कापत जा, एका दमात आरपार नाही. काप काटकोनात आला की क्लिपेखाली रबर चारी बाजूंनी सारखं बसते. तिरका आला तर एका बाजूला क्लिप रबराच्या काठावर येते आणि तिथून सुटते.

आत स्टीलची तार असलेला लवचीक पाइप असेल तर त्याला ठिबकचा कटर लावू नका, पातं जाईल. रबर ब्लेडनं, तार वेगळी पक्कडनं, आणि तारेचं टोक आत वळवून ठेवा. खरं सांगू? असा पाइप मला आवडतच नाही. तारेच्या टोकाशी पाणी शिरून तिथून सडतो. वेळ निभावून न्यायला ठीक.

कापल्यावर पाइप आतून धुवा, हवा मारा, आणि डोळ्याला लावून उजेडाकडे धरून पाहा. एकसुद्धा काळा कण दिसला तर पुन्हा धुवा.

नवा पाइप चढवण्याआधी मान साफ करायची, आणि इथं आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यातले आहात, मीही. आपल्याकडच्या विहिरी-बोअरचं पाणी पूर्णेच्या खोऱ्यात खारं आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच रेडिएटरमध्ये ओतलं. परिणाम काय? तुमच्या गाडीच्या मानांवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असेल आणि त्याखाली धातूला खड्डे पडलेले असतील. क्षार बारीक पॉलिश पेपरनं गोल फिरवत काढा, लांबीत घासू नका. नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर सिलिकॉन थापून झाकू नका. रेडिएटरवाल्याकडून मान बदलून घ्या किंवा सोल्डरनं भरून घ्या. पाणी इथून पुढं आरओ प्लँटचंही चालेल, पण डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं उत्तम. आपल्याला बर्फाची भीती नाही, कुलंट हवा तो गंज अडवायला आणि उकळबिंदू वर न्यायला.

चढवताना पाइप घसरायला ग्रीस, व्हॅसलिन, ऑइल काही लावू नका. वर सांगितलंच आहे, ईपीडीएमला तेल वर्ज्य. साधं पाणी किंवा थोडं कुलंट पुरते. कडक असेल तर टोक दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरा.

क्लिप पाइपाच्या टोकापासून ३-४ मिलिमीटर आत आणि मानेवरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. क्लिपेचा स्क्रू अशा बाजूला ठेवा की पुढच्या वेळी बॅटरी न काढता पेचकस पोचेल. आवळायची किती? क्लिपेच्या दोन्ही बाजूंनी रबर किंचित वर येते तेवढी. भोकांतून रबर भज्यासारखं बाहेर आलं तर जास्त झालं, पाइप आतून कापला गेला. इंजिन एकदा पूर्ण गरम करून थंड होऊ द्या आणि मग अर्धा फेरा पुन्हा आवळा, कारण नवं रबर पहिल्या उष्णतेत बसते. पहिल्या दिवशी आवळून मोकळे झालेले लोक तिसऱ्या दिवशी मला फोन करतात.

खालच्या पाइपाबद्दल वेगळं लिहितो, कारण त्यानं मला एकदा चांगलंच शिकवलं आहे. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका गिऱ्हाइकाची अँबेसेडर होती, दोन्ही पाइप नवे घातले. जुन्या खालच्या पाइपातून गंजलेली स्प्रिंग निघाली. मला वाटलं, कोणा मिस्त्रीनं काहीतरी जुगाड केला असेल, आणि ती भंगारात टाकली. गावात गाडी मस्त चालली. आठ दिवसांनी ते कुटुंब चिखलदऱ्याला निघालं आणि परतवाड्याच्या पुढं घाटात गाडी उकळली. थांबले की ठीक, चढ लागला की पुन्हा काटा लाल. मी दुसरी जीप घेऊन गेलो, बोनेट उघडं ठेवून भावाला रेस द्यायला सांगितलं, आणि डोळ्यांसमोर खालचा पाइप बसल्या फुग्यासारखा चपटा झाला. खालचा पाइप वॉटर बॉडीच्या ओढीच्या बाजूला असतो. रेस वाढली की पंप पाणी जोरानं खेचतो, आणि रबर मऊ असेल तर पाइपच आत ओढला जातो. ती स्प्रिंग जुगाड नव्हती, ती पाइपाच्या बरगड्या होत्या. त्यात चिखलदरा अकराशे मीटरवर, तिथं पाणी उघड्यावर ९६ अंशांच्या आसपासच उकळते. तर तुमच्या खालच्या पाइपात स्प्रिंग निघाली तर ती नव्यात गेली पाहिजे. गंजली असेल तर त्याच मापाची स्टेनलेसची करून घ्या. नसेल तर पाइप जाड थराचा घ्या आणि रेस देऊन पाहा, आत ओढला जातो का.

रेडिएटरच्या टोपीचंही त्याच दिवशी पाहा. टोपीवर जो दाबाचा आकडा आहे तोच दाब नव्या टोपीचा हवा. सात पौंड दाबाची टोपी उकळबिंदू अकरा-बारा अंशांनी वर नेते. "जास्त दाब म्हणजे जास्त थंड" समजून जुन्या रेडिएटरला नव्या गाडीची टोपी लावली तर दाब सगळ्यात दुबळ्या सांध्यावर जातो. आणि थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे जी पद्धत आहे, "ऊन लय आहे, वॉल्व कायले पाह्यजे," ती सोडा. काढायचाच असेल तर तो पाण्यात उकळून उघडतो का ते पाहण्यापुरता काढा आणि परत घाला.

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, टोपी उघडी, इंजिन हळू चालू. वरचा पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे निघतील. वरचा पाइप एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग पातळी पुरी करून टोपी लावा.

आता पेट्रोल. भाऊ, वास येतो म्हणालात, म्हणून आज गाडी चालू करू नका. आधी हे काम.

गाडी शेडबाहेर काढा, शेडमध्ये कडबा-कुटार असेल तर जास्तच लांब. बॅटरीची अर्थची तार काढा. विडी, बल्ब, मोबाइल चार्जर काही जवळ नको, वाळूची बादली हवी. टाकी मागे आहे, तिथून धातूची नळी पुढं येते, आणि रबर फक्त सांध्यांवर असते: टाकीपाशी, पंपाच्या आधी आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत. तोंडानं पेट्रोल ओढू नका. पाइप काढताच त्याच्या तोंडात योग्य मापाचा बोल्ट घाला, गळती बंद.

तुमची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली तेव्हा पेट्रोलात इथेनॉल नव्हतं. जून २०२२ मध्ये देशात सरासरी १० टक्के मिश्रण झालं, ६ फेब्रुवारी २०२३ ला ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपांवर यायला सुरुवात झाली, आणि आता तेच भरावं लागते. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. ते रबर फुगवते, त्यातले मऊपणा देणारे घटक धुऊन काढते, आणि मग गाडी उभी राहिली की तेच रबर वाळून तडकते. सात वर्षं वाळलेल्या पाइपात तुम्ही ताजं ई-२० टाकलं, म्हणून वास. वरून कापडाची वेणी असलेला पाइप असेल तर भेग दिसणारही नाही, कापड ओलं लागेल एवढंच.

नवा पाइप मीटरनं घ्यायला इथं हरकत नाही. पण काउंटरवर "पेट्रोल पाइप" म्हणून जे काही मिळते ते सगळं पेट्रोल पाइप नसते. पाइपावर छपाई वाचा. एसएई जे-३० हे पेट्रोल पाइपाचं मानक. त्यात आर-७ म्हणजे कार्बोरेटरच्या गाड्यांचा साधा नायट्राइल पाइप. आर-९ म्हणजे आतून फ्लोरो रबराचं अस्तर असलेला, इंजेक्शनच्या गाड्यांसाठीचा. तुमच्या पंपाचा दाब आर-७ सहज झेलेल, पण इथेनॉलसाठी मी आता आर-९ च घालतो. दोन-तीन फुटांत फरक तो किती. छपाईच नसेल तर घेऊ नका. शंका असेल तर बोटभर तुकडा व्हर्नियरनं मोजून झाकणाच्या काचेच्या बरणीत पेट्रोलमध्ये आठवडाभर ठेवा. पेट्रोल काळं झालं, तुकडा फुगला किंवा चिकट झाला, तर दुकानदाराला बरणीसकट नेऊन दाखवा.

पारदर्शक प्लास्टिकची नळी मात्र, हात जोडून सांगतो, लावू नका. गवंड्याची लेव्हलची नळी, फवारणी पंपाची नळी, ठिबकची नळी, सगळे प्रकार मी पाहिले आहेत. "पेट्रोल येताना दिसते" म्हणून लोकांना ती आवडते. महिन्याभरात ती लाकडासारखी कडक होते, उन्हाळ्यात इंजिनच्या उष्णतेनं ढिली पडते आणि क्लिपेतून सटकते, तीही गरम मॅनिफोल्डवर (इंजिनचा जळका धूर बाहेर नेणाऱ्या धातूच्या नळ्यांवर).

माप मात्र नीट घ्या. धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा आणि पाइपाचा आतला व्यास त्याहून किंचित कमी घ्या. कटरनं काटकोनात कापा, टोकाला २० मिलिमीटर तरी चढवा. क्लिप भोकांच्या पट्टीची नको. सबंध पट्टीची, कडा बाहेर वळलेली बारीक क्लिप येते ती घ्या. भोकांची पट्टी या पातळ पाइपाला दातासारखी चावते. पाइपाची वाट मॅनिफोल्डपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. आपल्या उन्हाळ्यात दुपारी गाडी दहा मिनिटं उभी केली की पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा चावत बसतो. मग लोक पंपावर ओलं फडकं ठेवतात. फडकं ठेवायची वेळ निम्म्या वेळा पाइपाच्या चुकीच्या वाटेमुळेच येते.

पाइप बदलताना फिल्टर नवा घालाच. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर तो पुन्हा बदला, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करते. आणि डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून वास घ्या. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जाते आहे. तसं असेल तर पाइप बदलून वास जाणार नाही, आणि ते ऑइल घेऊन गाडी चालवू नका.

ब्रेकच्या पाइपाला ब्लेड लावायचं नाही. कापून जोडायचा नाही, क्लिप लावायची नाही, दुसऱ्या गाडीचा "जवळपास" लांबीचा घालायचा नाही. त्याची टोकं कारखान्यात दाबून बसवलेली असतात, कारण पेडल जोरात दाबलं की आतला दाब रेडिएटरच्या दाबाच्या शेकडो पट असतो. पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक, असे तीन पाइप पूर्ण नवे, छापलेल्या तारखेचे आणा. जुने पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आतून सुजतात. पेडल दाबलं की ऑइल जाते, सोडलं की परत येत नाही, चाक गरम होते आणि गाडी एका बाजूला ओढते. नवा पाइप बसवताना त्याला पीळ पडू देऊ नका. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायरला कुठं घासत नाही ना ते पाहा. नंतर ऑइल नवं, हवा नीट काढलेली. हे काम आधी कधी केलं नसेल तर तुमच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, मीटरचा पाइप तेवढा त्याच्या हातातून काढून घ्या.

उरलेलं थोडक्यात. डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी तडकली असेल तर बदला, नाहीतर गाडी ओढणार नाही. इंजिनच्या वाफेची नळी ऑइलची आहे, तिला पाण्याचा पाइप लावू नका. आणि शेडमध्ये सोयाबीन-तुरीची पोती असतील तर उंदीर असणारच. नवा पाइप त्यांनाही नवाच लागतो. पोती हलवा किंवा गाडी.

पहिल्या मोठ्या फेरीला डिकीत सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी, दोन क्लिपा, कटर-चाकू आणि पाच लिटर चांगलं पाणी ठेवा. पाण्याचा पाइप टोकाशी फाटला आणि लांबीत ढील असेल तर फाटलेला भाग कापून उरलेला पुन्हा चढवता येतो. मधेच फाटला तर इंजिन थंड होऊ द्या, पाइप पुसून कोरडा करा, ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळा, टोपी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा म्हणजे दाब बनणार नाही, आणि काट्यावर नजर ठेवून सावकाश पुढच्या गावापर्यंत या. पेट्रोलचा पाइप फाटला तर पट्टी नाही, गाडी तिथंच उभी. आर-९ चा हातभर तुकडा डिकीत जास्तीचा ठेवला असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.